दोन ऑप्शन
स्पिरिटचा वास आला की माझा डावा गुडघा आजही आपोआप आखडतो. दुसरीत असताना बाभळीचा काटा आत मोडून तो टम्म फुगला, तेव्हा आई मला एसटीने वाशिमजवळच्या मालेगावच्या दवाखान्यात घेऊन गेली. बाहेरगावाहून आलेल्या नव्या डॉक्टरांनी गुडघा दाबून पाहिला, "दोन ऑप्शन आहेत," म्हणाले आणि फोन वाजला म्हणून बाहेर गेले. आईचा चेहरा पांढराफटक पडला. "एका गुडघ्याचे दोन ऑपरेशन! पाय कापते का काय हा?" पडद्यामागे ट्रेमध्ये काहीतरी लोखंडी खणखणलं. मी आईचा पदर दातात धरला. डॉक्टरांनी परत येऊन विचारलं, "मग, कोणतं करायचं?" आईने मला उचलून छातीशी धरलं. "पोरीले हात नोका लावू! एकबी ऑपरेशन करायचं नाई!" डॉक्टर आधी गोंधळले, मग हसले. "ऑपरेशन नाही हो ताई, ऑप्शन! गोळ्या नाहीतर इंजेक्शन, तुम्ही निवडा." "मंग तसं सांगा ना! माहा जीव गेला असता," म्हणत आई रडता रडता हसली. परवा वाशिमच्या दवाखान्यात तोच वास होता, फक्त खाटेवर आई होती. डॉक्टर मला हळूच म्हणाले, "आता काही ऑप्शन नाही." आईने डोळे उघडले. "ऑपरेशन नाई म्हंते ना तो?" "नाई वं माय," मी म्हटलं. ती सुटल्यासारखी हसली आणि कूस बदलून झोपली. मी मात्र गुडघा आखडून तिथंच खाली बसले.