दुसऱ्या गाण्यातला खोकला

आमच्या रस्त्यावरच्या चष्मेवाल्यांकडून माणूस दोन गोष्टी घेऊन बाहेर पडतो. एक म्हणजे चष्म्याचा नंबर आणि दुसरी म्हणजे बँडविषयीची मतं. तपासणीच्या यंत्राच्या पट्टीवर हनुवटी टेकवून, कपाळ चिकटवून तुम्ही पुरते अडकलात की चष्मेवाले पलीकडून विचारतात, "काय ऐकता?" अशा अवस्थेत माणूस खोटं बोलू शकत नाही. बँकेतल्या एका बाईंनी कुठल्याशा नव्या बँडचं नाव घेतलं, तेव्हा चष्मेवाल्यांनी इतका लांब उसासा सोडला की बाईंना वाटलं, डोळ्यात काहीतरी गंभीर निघालं.

त्यांची मतं पक्की आहेत. बँडमध्ये सहापेक्षा जास्त माणसं झाली की तो बँड नव्हे, मोर्चा. गायकाने केस बारीक केले की पुढची दोन वर्षं त्याचं काही ऐकू नये. कार्यक्रमाला कंटाळायचा अधिकार फक्त तिकीट काढून आलेल्याला. फुकट पासवाल्याने गुपचूप टाळ्या वाजवाव्यात. पैसा, त्यांच्या मते, शेवटच्या रांगेचं तिकीट निघेल एवढा असावा, कारण पहिल्या रांगेत बसणाऱ्यांना गाण्यापेक्षा बूट जास्त दिसतात. आणि छंद? बुद्धिबळ, बॅडमिंटन, कुंड्यांमधली झाडं, शब्दकोडी, या सगळ्यांकडे ते दयेने बघतात. "बँड लागला नाही की माणसाला छंद लागतात," असं म्हणून ते काच पुसायला घेतात.

त्यांना स्वतःला एकच बँड लागलेला आहे आणि त्याला सव्वीस वर्षं झाली. शिलाई मशीनच्या दुकानाखालच्या तळघरात चार पोरांनी पहिला कार्यक्रम केला तेव्हा ऐकायला एकोणीस माणसं होती. त्यांतले दोघं म्हणजे चष्मेवाले आणि लग्नाला जेमतेम अकरा दिवस झालेली त्यांची बायको, म्हणजे आमच्या वहिनी. नवी नवरी फिरायला नेतील म्हणून नवीन चपला घालून निघाली होती आणि तिला नेलं तळघरात. वहिनी हे अजून विसरलेल्या नाहीत, पण आता सांगताना हसतात. त्या कार्यक्रमाचं रेकॉर्डिंग हीच पुढे बँडची पहिली कॅसेट झाली. तिच्यातल्या दुसऱ्या गाण्यात गायक थांबतो आणि ड्रम सुरू व्हायच्या आधी तीन सेकंद सगळं गप्प असतं. त्या शांततेत कुणीतरी एकदा खोकतं.

ते कुणीतरी म्हणजे चष्मेवाले.

हा खोकला आता प्रसिद्ध आहे. बँड मोठा झाला, मैदानं भरू लागली आणि कसं कुणास ठाऊक, दुसरं गाणं त्या जागी आलं की हजारो माणसं एकदम खोकू लागली. सगळं मैदान घसा साफ करतं, खिदळतं, मग ड्रम सुरू होतो. शेवटच्या रांगेत चष्मेवाले मात्र त्या क्षणी तोंड घट्ट मिटून उभे असतात. मूळ खोकला आपला असताना नकलाकारांच्या गर्दीत काय मिसळायचं? एकदा शेजारी उभा असलेला कॉलेजकुमार त्यांना म्हणाला, "काका, इथे खोकायचं असतं." तो प्रसंग त्यांनी मला निदान दहा वेळा सांगितला आहे आणि दहाही वेळा त्यांचे कान लाल झाले आहेत.

आता त्यांच्या साडूंविषयी. वहिनींच्या धाकट्या बहिणीचे हे यजमान. घरबांधणीच्या फरशांचं मोठं दुकान आहे, पैसा आहे आणि दर तीन-चार महिन्यांनी नवीन छंद आहे. आधी माशांची टाकी आणली. मग दुर्बीण. मग रोज चाललेली पावलं मोजणारं घड्याळ, ज्यासाठी ते दुकानात फरशांच्या ढिगांमध्ये येरझाऱ्या घालत. चष्मेवाल्यांना या सगळ्याचा फार आनंद होता. साडू येऊन गेले की त्यांना दोन घास जास्त जात.

मग गेल्या वर्षी साडूंना बँड लागला. दुसरा कुठला नाही, हाच.

तीन आठवड्यांत त्यांनी सगळी गाणी पाठ केली. टोपी, टी-शर्ट, कॉफीचा मग, सगळं बँडच्या छापाचं आणलं. जुन्या वस्तूंच्या व्यापाऱ्याला भरमसाट पैसे मोजून पहिली कॅसेट मिळवली आणि काचेच्या पेटीत ठेवली. चष्मेवाल्यांची तीच कॅसेट चिकटपट्टी लावून लावून निम्मी चिकटपट्टीच झाली होती. "पैसे टाकून पहिल्या दिवशीचा श्रोता होता येत नाही," असं ते वहिनींना सांगत, पण सांगताना घास चावण्याचा वेग वाढे. त्यातच बँडने आपला नवीन स्टुडिओ बांधला आणि त्याच्या संडास-बाथरूमच्या फरशा साडूंच्या दुकानातून गेल्या. दर कमी लावला, स्वतः उभं राहून बसवून घेतल्या. झालं. ड्रमवाल्याशी अरे-तुरेची मैत्री. सव्वीस वर्षं शेवटच्या रांगेत उभं राहून जे जमलं नव्हतं, ते संडासाच्या फरशांनी दीड महिन्यात करून दाखवलं. चष्मेवाल्यांच्या पोटात जे दुखू लागलं त्याला त्यांनी पित्त असं नाव दिलं आणि औषधही सुरू केलं.

एका रविवारी दुपारी चष्मेवाले आणि वहिनी साडूंकडे चहाला गेली होती. साडू म्हणाले, "दादा, तुम्हाला कळलं असेलच." समोरच्याला कळलेलं नाही याची खात्री झाल्यावरच ते असं सुरू करतात. मग त्यांनी सांगितलं की बँडवाले पहिली कॅसेट नव्याने काढतायत. सगळी खरखर, घरघर काढून आवाज अगदी स्वच्छ करणार आहेत.

"तो मधला खोकलासुद्धा काढतायत," साडू बिस्किट बुडवत म्हणाले. "मी ऐकून आलो. इतकं साफ वाटतं म्हणून सांगू, नुकत्या पुसलेल्या फरशीसारखं."

वहिनी म्हणतात, तो चहा चष्मेवाल्यांनी तसाच गार केला. त्या आठवड्यात त्यांच्या हातून कधी न घडलेली चूक घडली. गाडी चालवायला शिकवणाऱ्या मास्तरांची डावी काच उजवीकडे बसली आणि मास्तरांनी शिकाऊ मुलीला थेट पोस्टाच्या पेटीवर नेलं. मास्तर तावातावाने दुकानात आले, तर चष्मेवाले त्यांना म्हणाले, "तुमचं काय हो, तुमची काच बदलता येते."

एवढ्या मोठ्या बँडमध्ये या माणसाचा तीन सेकंदांच्या शांततेतला एक खोकला होता. बाकी काही नव्हतं. कॅसेटच्या वेष्टनावर नाव नाही, फोटोत चेहरा नाही, सही घेतलेला कागद नाही, कारण सही मागणं त्यांना हलकेपणाचं वाटे. तो खोकला गेला की ते नुसतेच तिकीट काढणारे, आणि साडूंकडे निदान टोपी तरी होती.

शेवटी त्यांनीच साडूंना फोन केला. हा फोन करायला त्यांना सकाळपासून संध्याकाळ झाली. "साडूबुवा," ते म्हणाले, "तुमच्या त्या स्टुडिओतल्या फरशा कशा बसल्यात, ते एकदा बघावं म्हणतो." साडूंनी अतिशय प्रेमाने, चेष्टेचा लवलेश न ठेवता, न्यायचं कबूल केलं. हे प्रेम चष्मेवाल्यांना जास्त झोंबलं.

दुकानाच्या सुट्टीच्या दिवशी सकाळी साडूंच्या गाडीतून तिघं निघाली. वहिनींचं जायचं काही ठरलं नव्हतं. पण ऐन वेळी त्याच म्हणाल्या, मी पण येते. स्टुडिओच्या दारात ड्रमवाला उभा होता, पन्नाशीचा, पोट सुटलेला, पायात घरातल्या सपाता. त्याने साडूंना मिठी मारली, एक फरशी हलतेय म्हणून चिडवलं, मग चष्मेवाल्यांकडे वळून नम्रपणे विचारलं, "तुम्ही आधी कधी आमचं काही ऐकलंय का?"

वहिनी सांगतात, आपल्या नवऱ्याचा इतका छोटा झालेला चेहरा त्यांनी त्याआधी पाहिला नव्हता.

चष्मेवाल्यांनी आठ दिवस घोकलेलं भाषण तिथेच गळून पडलं. ते एवढंच म्हणाले, "दुसऱ्या गाण्यातला खोकला माझा आहे."

"तुम्ही पाचवे," ड्रमवाला म्हणाला. "त्यातला एक तर त्या वर्षी जन्मालाही आला नव्हता." पण तो माणूस भला होता. त्याने सगळ्यांना आत नेलं. आत बटणांच्या लांबलचक टेबलामागे रेकॉर्डिंग करणारी पंचविशीतली मुलगी बसली होती. ड्रमवाल्याने तिला काढून ठेवलेला खोकला ऐकवायला सांगितलं.

कपाटाएवढ्या दोन स्पीकरमधून आधी गाणं आलं, गायक थांबला आणि खोकला झाला. चष्मेवाल्यांनी छाती पुढे काढली. घरच्या यंत्रावर हजारो वेळा ऐकलेला खोकला इथे एखाद्या पाहुण्यासारखा खोलीभर वावरत होता. मुलीने मग गाणं काढून नुसता खोकला लावला. पुन्हा लावला. तिसऱ्यांदा लावल्यावर तिच्या कपाळाला आठी पडली.

"हा बाईंचा खोकला आहे," ती म्हणाली. "तोंडावर रुमाल धरलाय. ऐका ना."

चौथ्यांदा सगळ्यांनी ऐकला आणि मग शंका उरली नाही. बारीक, नाजूक, कुणाला त्रास होऊ नये म्हणून आवरत आवरत निसटलेला खोकला होता तो. हळूहळू सगळे वहिनींकडे बघू लागले. वहिनी पर्सची चेन उघडून त्यात काहीतरी शोधू लागल्या, जे बहुधा तिथे नव्हतं.

"झाली आता त्याला बरीच वर्षं," त्या पर्समध्ये बघत म्हणाल्या.

चष्मेवाले मागे सरकले आणि हाताला लागेल त्यावर बसले. ते ड्रमवाल्याचं स्टूल होतं. एरवी त्या स्टुलाला नुसता हात लागला असता तरी त्यांनी महिनाभर तो हात सगळ्यांना दाखवला असता. साडू तेवढ्यात मनापासून म्हणाले, "अरे वा, ताई, तुम्ही कधी बोलला नाहीत." तोपर्यंत चष्मेवाल्यांना साडूंचा हेवा वाटत होता. आता तो एकदम किरकोळ झाला. ज्या बाईला बँडमधल्या चौघांपैकी जाड्या आवाजाची गिटार कोण वाजवतो हे अजून सांगता येत नाही, जी दुसरं गाणं कुठलं आणि चौथं कुठलं यात दर वेळी गोंधळते, ती सव्वीस वर्षं या बँडच्या पोटात बसलेली होती आणि आपण बाहेर. रोज एका पातेल्यातली भाजी वाढून घेणाऱ्या माणसाचा हेवा करणं फार अवघड असतं. त्याला टाळता येत नाही.

"कापून टाका मग," चष्मेवाले म्हणाले. "नाहीतरी कापणारच होतात."

रेकॉर्डिंगवाल्या मुलीने बटणावरचा हात काढून मांडीवर ठेवला.

"असं करू नका हं," वहिनी ड्रमवाल्याला म्हणाल्या. "तो यांचाच आहे. मी नुसती खोकले. तेव्हाच विसरूनही गेले असते. यांनीच तो सांभाळलाय इतकी वर्षं. आल्यागेल्याला ऐकवायचे, कॅसेट तुटली की चिकटवायचे. मी म्हटलं, एवढा आवडलाय तर असू दे त्यांच्याकडे."

ड्रमवाल्याने खुर्ची ओढली, तो चष्मेवाल्यांसमोर बसला आणि त्याने विचारलं, "काय करू? तुम्ही सांगाल तसं."

सव्वीस वर्षांत बँडने त्यांना प्रथमच काही विचारलं होतं. चष्मेवाल्यांनी उत्तराला इतका वेळ लावला की साडूंनी घड्याळात पावलं बघून घेतली.

"ठेवा," ते शेवटी म्हणाले. "पण इथे लावलात तेवढा मोठा नको. जरा लांबून, खांबाआडून आल्यासारखा होता. आम्ही खांबामागे उभे होतो. आणि त्याच्याआधीची घरघरही थोडी राहू द्या. अगदी सगळं पुसलंत तर तो एकदम दारातच आल्यासारखा वाटतो."

ड्रमवाल्याने मुलीकडे पाहिलं. "हेच मी तुला परवापासून सांगतोय," तो म्हणाला. मग त्या दोघांनी चष्मेवाल्यांना टेबलाजवळ खुर्ची दिली आणि तिघांनी मिळून खोकला जागेवर बसवायला घेतला. थोडा मागे, आणखी थोडा मागे. आधीचा बरा की आताचा, असं मुलगी विचारी आणि चष्मेवाले डोळे मिटून सांगत. तासभर हे चाललं. साडू कंटाळून आपली हलणारी फरशी बघायला गेले.

परतताना चष्मेवाले आणि वहिनी गाडीत मागे बसली होती. दुसऱ्या सिग्नलला चष्मेवाल्यांनी विचारलं, इतकी वर्षं सांगितलं का नाही. वहिनी म्हणाल्या, तुम्ही मध्ये बोलू द्याल तर सांगेन ना. तिसऱ्या सिग्नलला चष्मेवाल्यांना एकदम काहीतरी आठवलं आणि ते सरळ होऊन बसले.

"एक सांग. त्या दिवशी सर्दी आधी कुणाला झाली होती?"

वहिनींनी विचार केला. "तुम्हालाच. लग्नातच झाली होती. तुमचीच मला लागली."

"माझीच ना?"

"तुमचीच हो."

"मग जरा मोठ्याने सांग," चष्मेवाले म्हणाले आणि साडूंना नीट ऐकू यावं म्हणून त्यांच्या सीटवर पुढे वाकले.