घरी हाकलणारी बॉस

माणसांना कामावरून घरी हाकलण्यात आमच्या बॉसचा हात धरणारं उभ्या अमेरिकेत कोणी नसेल! इथल्या ट्रॉय शहरातल्या ज्या कंपनीत मी गाड्यांचे ब्रेक तपासण्यात आयुष्य घालवलं, तिथे नोकरीच्या शेवटच्या वर्षांत ही नागपूरची बाई माझी साहेब झाली. वयाने माझ्या मुलीएवढी. पहिल्याच मीटिंगमध्ये तिने सगळ्यांदेखत मला ‘काका’ म्हटलं आणि आठवड्याभरात गोरे इंजिनिअरही ‘मॉर्निंग, काका!’ करू लागले.

तिची सोमवारची मीटिंग ब्रेकपासून सुरू होईल तर शपथ! आधी घर. कोणाच्या मुलाचा दात पडला, कोणाच्या आईचा व्हिसा आला, कोणाचा कुत्रा लंगडतोय, सगळं बाईंना पाठ. एकदा माझ्या शेजारच्या टेबलावरचा डेव्ह मुलीचा हॉकीचा सामना सोडून रिपोर्ट लिहीत बसला होता. हिने त्याचा कोट आणून त्याच्या मांडीवर टाकला. “रिपोर्ट उद्या लिहिता येईल. ती मॅच उद्या परत खेळणार आहे का?” डेव्ह गेला. दुसऱ्या दिवशी शिट्टी वाजवत आला आणि लंचच्या आत रिपोर्ट तयार! नेहमी असंच व्हायचं. घरी हाकललेली माणसं दुप्पट जोमाने कामाला भिडायची, आणि आमची टीम सगळ्यांच्या पुढे. मी मात्र मराठी मंडळात सांगत फिरायचो, “ऑफिस कसलं, पाळणाघर आहे!”

तिचा खरा हट्ट जोडीचा. प्रत्येक काम दोघांना आलंच पाहिजे, म्हणजे एकाला घरी जाता येतं. थंडीत ब्रेक कुठून किंचाळतोय हे नुसत्या कानाने ओळखणं ही माझी खासियत. ती डेव्हला शिकवायची म्हणजे जिवावर आलं.

“माझ्याशिवाय चालणार नाही,” मी म्हणालो.

“तीच तर भीती आहे, काका. काकूंचं तुमच्याशिवाय चालतं का, विचारलंय कधी?”

कुरकुरत शिकवलं.

आणि नेमक्या ब्रेकच्या मोठ्या टेस्टच्या सकाळी माझी बायको दारातल्या बर्फावर घसरली. खुबा मोडला. शेजाऱ्यांनी हॉस्पिटलमध्ये नेलं. फोन आला तेव्हा गिऱ्हाईक कंपनीचे लोक येऊन बसले होते. मी म्हणालो, “टेस्ट झाली की जातो.”  बॉस माझी किल्ली उचलून पार्किंग लॉटमध्ये गेली, माझ्या गाडीवरचा बर्फ स्वतः खरवडला, इंजिन सुरू केलं आणि दार उघडं धरून ओरडली, “काका, निघा!”

टेस्ट डेव्हने केली. मागच्या डाव्या चाकाची किंचाळी त्याने बरोब्बर ओळखली, पॅड बदलले, गिऱ्हाईक खूश! पण मंडळात गोष्ट पसरली ती ‘काकांनी टेस्ट वाचवली’ अशी. एवढ्या मोठ्या दिवशी मी जागेवर नव्हतो, हे सांगायची मला लाज वाटली. आधी नुसता हसलो. पुढे तर त्या किंचाळीची नक्कलही करू लागलो! बॉसही मंडळातलीच, समोर असायची. एकदाही तिने तोंड उघडलं नाही.

मागच्या महिन्यात ती सांता क्लाराला मोठ्या जागेवर निघाली. मंडळाने निरोपाचं पॉटलक ठेवलं, जो तो घरून एकेक पदार्थ घेऊन आला, डेव्हही आला, आणि सगळे ओरडले, “काका, ब्रेकची गोष्ट!” मी उठलो आणि डेव्हलाही कळावं म्हणून इंग्रजीतच सांगून टाकलं : टेस्ट याने वाचवली, आणि याला तयार करवून घेतलं हिने. मी तिथे नव्हतोच.

“काका, आज कशाला यार!” बॉस पुटपुटली.

डेव्हने हातातला बटाटेवडा खाली ठेवला. “फार वेळ लावलात, काका!” आणि त्यानेच पहिली टाळी वाजवली.

मग मी कुठे होतो, तेही सांगितलं. औषधाच्या गुंगीतून डोळे उघडून बायको म्हणाली होती, “अहो, तुम्ही? आज ऑफिस बंद आहे का?” संध्याकाळपर्यंत तिचा हात धरून बसलो. कामाच्या दिवशी असा मी तिच्याजवळ कधी बसलोच नव्हतो. आणि तोच दिवस मी मंडळात पुसून टाकत राहिलो. बायकोही समोर बसून ऐकायची, हसायची.

ती देवाघरी जाऊन आता दोन वर्षं झाली. पॉटलक संपलं तरी मला तिथून हलवेना. तेवढ्यात मागून ओळखीचा आवाज आला, “काका, निघा आता, रस्त्यावर बर्फ होतोय.”

निघालो. लवकरच घरी पोचलो. दार उघडलं आणि उगाचच थोडा वेळ उंबऱ्यात थांबलो, ‘अहो, तुम्ही?’ असं कोणी विचारतंय का म्हणून.