मिंटच्या वासाची माळ

गेल्या महिन्यात एका रविवारी आम्ही पुण्याहून शिर्डीला निघालो, आणि सुप्याजवळ नाश्त्याला थांबलो तिथेच माझ्या प्लॅनिंगचा बाजार उठला.

आता माझं प्लॅनिंग म्हणजे काय ते ओळखीच्यांना माहीत आहेच... आमच्या घरात ट्रिप मी ठरवते, बाकीचे फक्त बॅगा भरतात. सासूबाईंना त्यांच्या महाराजांना भेटायचं होतं. श्रीरामपूरजवळ त्यांचा मठ आहे, आणि महाराज रविवारी सकाळी सगळ्यांना दर्शन देतात. म्हणून अख्खा दिवस त्याभोवती बसवला. पहाटे निघायचं, सुप्याला मिसळ, मग मठ, दुपारी जेवण, संध्याकाळी शिर्डीत धूपारती. एकदम फिट्ट!

गाडी थांबली, आईंनी सीटबेल्ट काढला, आणि त्या बेल्टात अडकून गळ्यातली तुळशीची माळ तुटली. बारीक बारीक मणी सीटखाली, पायाशी, दाराच्या फटीत... सगळीकडे.

माळकरी माणसाची माळ तुटली की ती पुन्हा गळ्यात पडेपर्यंत अन्नाचा कण नाही, पाण्याचा घोट नाही. आणि आईंना शुगर आहे. रात्रीपासून पोट रिकामं, सकाळची गोळी जेवणावर अवलंबून. मी म्हटलं, आई, समोरच्या दुकानातून नवी माळ आणते, लगेच घाला. तर म्हणाल्या, "ही तुझ्या सासऱ्यांनी आणि मी एकाच दिवशी घातलीय. महाराजांच्या हातून." सासरे जाऊन चार वर्षं झाली.

मी मणी वेचायला वाकले तर त्या म्हणाल्या, "थांब, मी वेचते." त्याचं कारण मला माहीत होतं. मी पक्की मटणवाली. आमचं तसं उत्तम जमतं, पण घरात देवघर त्यांचं आणि फ्रीझर माझा... दहा वर्षं हा करार कोणी मोडलेला नाही. पण त्यांचे गुडघे काही वाकेनात. शेवटी त्याच म्हणाल्या, "बरं, वेच तू." नवऱ्याच्या मोबाईलच्या टॉर्चमध्ये मी एकूण एक मणी डब्याच्या झाकणात गोळा केला. मिसळ तशीच राहिली. त्या उपाशी असताना आमच्या घशाखाली काय उतरणार होतं?

मठात पोहोचलो तर ही मोठी रांग! त्यात सेवेकऱ्याने सांगितलं, महाराजांना आज बाहेरगावी कीर्तन आहे, लवकर उठणार. आणि माळ ओवून आणा, ते नुसते मणी गळ्यात कसे घालतील?

फुलवाल्याचा दोरा आणला तर तो त्या बारीक भोकातून जाईना. आईंना घाम फुटला होता, हात थरथरत होते. मला खरंच भीती वाटायला लागली. मनात म्हटलं, आता काही झालं तर मी स्वतःला माफ करणार नाही.

आणि मग आठवलं. पर्समध्ये डेंटल फ्लॉस! रूट कॅनाल झाल्यापासून डॉक्टरांच्या धाकाने कायम जवळ असतो. नवीकोरी डबी. मेण लावलेला ताठ दोरा, सुईसुद्धा लागत नाही... मणी सरसर जायला लागले.

रांगेत आमच्या पुढे पारनेरकडच्या एक आजी उभ्या होत्या, गळ्यात माळ. त्यांनी पदर पसरला, त्यात मणी ओतून घेतले. "तुमी ववा, म्या एकेक मनी देते. लई बारीक काम हाय बाई!" रांगेत एक पाऊल सरकायचं, चार मणी ओवायचे, असं आमचं चाललं होतं. शेवटची गाठ मारली, तरी पुढे निम्मी रांग शिल्लक होती.

मी सेवेकऱ्याशी भांडायच्या तयारीत होते. तेवढ्यात आजींनीच पुढे आवाज दिला, "माउलीची माळ तुटलीया, सकाळधरनं पानी न्हाई पोटात. वाट द्या!" आणि तो निरोप माणसामाणसातून पुढे गेला... एकानेही कुरकुर केली नाही. पुण्यात बँकेच्या रांगेत असं करून दाखवा बरं!

महाराजांनी माळ हातात घेतली, नाकाशी नेली आणि माझ्याकडे पाहिलं. "पुदिन्याचा वास कसा येतोय?"

माझ्या तोंडून सटकलं, "महाराज, दात साफ करायचा दोरा आहे... पण वापरलेला नाही, शप्पथ!" सगळा मंडप हसला. महाराजही पोट धरून हसले. "पक्का आहे ना? मग झालं," म्हणाले आणि त्यांनी माळ आईंच्या गळ्यात घातली.

बाहेर ओट्यावर बसून आई पाणी प्यायल्या, मग त्यांनी त्या आजींच्याच फडक्यातली चपाती खाल्ली. मी बाजूला जाऊन चक्क रडले. आईंना विश्रांती हवी म्हणून दुपारभर मठातच थांबलो, त्यामुळे धूपारती अर्थातच हुकली, शिर्डीला लांबूनच कळसाला हात जोडले. प्लॅन पार कोलमडला, आणि मला त्याचं काडीचंही वाईट वाटलं नाही.

परवा मी चांगला रेशमी दोरा आणला. म्हटलं, आई, आता तुमच्या भजनी मंडळातल्या काकूंकडून माळ नीट ओवून घेऊ, तो फ्लॉस काही बरा दिसत नाही.

त्यांनी माळेवर हात ठेवला. "नको. ही तू ओवलीयस."

रेशमी दोरा कपाटात पडून आहे. आणि काल पहिल्यांदाच आईंनी मला देवघरातून हाक मारली, "अगं, एवढा हार ओवून दे."