शेजारणीकडचं विरजण

नोकरी केंद्र सरकारची, त्यामुळे बदल्या पुष्कळ झाल्या. प्रत्येक वेळी सामान ट्रकमध्ये जायचं आणि एक डबा बायकोच्या मांडीवर. त्यात विरजण असायचं, तिच्या माहेरचं, कोल्हापूरजवळच्या म्हशींच्या गोठ्याच्या घरातलं. गाडीत ते सांडायचं, वास यायचा, मी चिडायचो. दही काय चंदीगडला मिळत नाही? इथे तर पाण्याआधी लस्सी विचारतात. ती म्हणायची, मिळतं, पण ते आपलं नव्हे. रोज रात्री त्यातलं चमचाभर कोमट दुधात जायचं. सकाळी उठल्यावर चहाच्याही आधी ती झाकण काढून पातेलं जरासं कलतं करायची. दही हललं नाही की स्वारी खूश.

मागच्या वर्षी तिच्या पोटात गाठ निघाली. उपचार सुरू झाले, केस गेले, जेवण जाईना. आमची मुलगी मोहालीच्या नॉलेज सिटीत संशोधन करते, शनिवार-रविवार घरी येते. तिला मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र हिंदीत. एका रविवारी तिने जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप ठेवला आणि आम्हा दोघांना एक डॉक्युमेंटरी दाखवली. डाळी, धान्यं, भाज्या, फळं एवढ्यावरच राहिलं तर शरीराचं कसं भलं होतं, गुरं पोसायला किती रान आणि पाणी लागतं, असं सगळं त्यात होतं. एक मोठी डेअरी होती आणि आईपासून ओढून नेलेलं वासरू होतं. त्या वेळी बायकोने पदर तोंडाला लावला. आमच्याकडे रेडकाला पाजल्याशिवाय धार काढत नसत, हे ती नंतर दिवसभर सांगत राहिली.

त्या फिल्मने आम्हाला फसवलं असं मी म्हणणार नाही. माझ्या बायकोचा आजार बरा होईल, असं त्यात कुणीही म्हणालं नव्हतं. ते आम्ही आमच्या पदरचं घातलं. बुडत्याला दुसरं काय सुचणार?

डॉक्टर म्हणाले होते, जे पोटात जाईल ते द्या. मुलीने दुसऱ्याच दिवशी, परत जाण्याआधी, फ्रिजमधलं दूध, तूप, पनीर काढलं. मी तोंड उघडणार तोच ती म्हणाली, "बाबा, बाकी सब डॉक्टरों के हाथ में है. ये एक चीज़ हमारे हाथ में है." तिचा आवाज असा होता की मी फ्रिजचं दार लावून घेतलं. बायको तर हसून म्हणाली, सोडलं म्हणून समज. लेकीसाठी तिने ह्याहून अवघड गोष्टी केल्या होत्या.

मग सेक्टर २२मधून सोयाचं दूध येऊ लागलं. त्याचा चहा फाटायचा. मुलगी शेंगदाण्याच्या दुधाचं दही लावायला शिकली. पोरीने जीव ओतला त्यात. बायको दोन घास खायची, छान झालंय म्हणायची आणि लेक वळली की वाटी माझ्याकडे सरकवायची.

विरजण मात्र तिने मोडलं नाही. भिंतीपलीकडच्या क्वार्टरमध्ये एक पंजाबी बाई राहतात, त्यांना नेऊन दिलं. मी हसलो तर म्हणाली, "मी सोडलं म्हणून त्यानं कशापायी मरायचं?"

मी अधूनमधून विचारायचो, दहीभात करू का गुपचूप? ती म्हणायची, बरी झाले की बघू. सकाळी मी ऑफिसला निघालो की ती मागच्या अंगणात उन्हाला जाऊन बसायची. तेवढं ऊन तरी तिला मानवतं, असं मला वाटे.

जानेवारीच्या धुक्यात ती गेली. ऊन पडेना आणि उपचारांचाही उपयोग होईना. मुलगी रडत नव्हती. एकच वाक्य धरून बसली होती. "आई ने हँसकर छोड़ा था, बाबा. उसका कभी मन ही नहीं हुआ." मी मान हलवत राहिलो.

सुतकात शेजारच्या बाईंकडून जेवणाचा डबा यायचा. तेरावं झाल्यावर तो परत करायला गेलो. रिकामा देऊ नये म्हणून आत साखर घातली. त्यांनी बसवलं आणि दह्याची वाटी पुढे केली. म्हणाल्या, घ्या, तुमच्याच घरचं आहे. मग त्यांना राहवेना.

"भाईसाहब, भाभीजी रोज़ सवेरे आती थीं. मैं कटोरी भरती, तो हाथ जोड़ देतीं. खाती नहीं थीं जी. बस पतीला टेढ़ा करके देखतीं, जमा कि नहीं."

शेवटी तिला चालवेना, तेव्हा ह्या बाईच पातेलं उचलून मधल्या भिंतीवर ठेवायच्या. ती आमच्या अंगणातून बोटाने कलतं करायची, बघायची आणि खाली बसायची.

ती वाटी मी तशीच खाली ठेवली. दही सोडून गेली. न सोडताही गेलीच असती. मग निदान खाऊन तरी जायची होतीस गं. हा राग कुणावर काढू? फिल्मवर, लेकीवर, डॉक्टरांवर, कुणावरच निघत नाही. तो घरातच असतो, माझ्याबरोबर उठतो, माझ्याबरोबर झोपतो.

त्या बाईंनी थोडं विरजण बांधून दिलं. मी दही लावतो. घट्ट लागतं. सकाळी पातेलं कलतं करतो, बघतो, आणि तसंच भिंतीपलीकडे देऊन टाकतो. शुक्रवारी मात्र लावत नाही, कारण शनिवारी मुलगी येते. जेवताना ती मधेच थांबते आणि विचारते, "बाबा, आई का कभी मन नहीं हुआ ना?"

मी नाही म्हणतो. मग ती पुढचा घास घेते.