अशोकचं ताट

अशोक गेला त्याला सहा आठवडे झाले. दापोडीहून त्याच्या मुलीचा फोन आला, "काका, पप्पा गेले," तेव्हा मी चाकणला कंपनीच्या कॅन्टीनमध्ये जेवत होतो. भरलं ताट तसंच पिंपात ओतून निघालो. मला कोणी अडवलं नाही. स्वतःची किळस येते ती तेव्हापासून.

आमच्याकडे उष्ट्याच्या पिंपापाशी कॅन्टीन कमिटीचा माणूस उभा असतो. ताटात अन्न ठेवणाऱ्याला परत बसवायचं, हे त्याचं काम. तीन वर्षं ते मी केलं, छाती फुगवून. प्रेस शॉपमधला अशोक माझा जुना दोस्त. चार घास खाऊन ताट घेऊन यायचा. "राव, जेवलं की अर्ध्या तासात पोट पिळवटतंय. राहू दे आज." मी सगळ्यांदेखत म्हणायचो, "दोस्त म्हणून सूट न्हाई. संपव." तो मुकाट्याने परत जाऊन बसायचा. लोक हसायचे, मीही हसायचो. माणसाचा पार सापळा झाला, पण आम्ही सगळेच डॉक्टर... कुणी ओवा सांगितला, कुणी सोडा.

शेवटी एका सर्जनने निदान केलं. आतड्यांना रक्त नेणारी धमनी आतून अरुंद झाली होती. जेवल्यावर आतड्यांना जास्त रक्त लागतं, ते मिळत नाही, म्हणून ती कळ. मांडीतली शीर काढून रक्ताला नवी वाट करून द्यायची ठरली. आदल्या दिवशी अशोक म्हणाला, "भावा, एकदा न दुखता पोटभर जेवायचंय." त्याचं मागणं एवढंच होतं. पोट उघडलं तर आतड्याचा मोठा भाग काळा पडलेला. तो कापला, बायपासही केला, पण चौथ्या दिवशी... "काही महिने आधी यायला हवं होतं," सर्जन म्हणाले. काही महिने आधी तो रोज माझ्याकडेच येत होता.

कंपनीतल्या शोकसभेत साहेब बोलले, "अशोकने अन्नाचा कणही वाया घालवला नाही." नंतर वहिनींसमोर त्याचा लॉकर उघडला. बुटांमागे प्लास्टिकची पिशवी, तिच्यात वाळून कडक झालेल्या, बुरशी धरलेल्या चपात्या. माझी नजर चुकवून खिशातून नेलेल्या.

"हे काय हो, भाऊ?" वहिनींनी विचारलं.

"कुत्र्यांसाठी ठेवायचा," मी म्हणालो.

वहिनींचे डोळे भरले. "मला कधी बोलले न्हाईत," म्हणाल्या. तेव्हापासून त्या रोज सकाळी अशोकच्या नावाने गल्लीतल्या कुत्र्यांना चपाती घालतात.