खडूची तारीख

“आधी हात लावू द्या, साहेब.”

माल कधी मिळेल असं कुणी विचारलं, की चाचांचं हे ठरलेलं. मग चष्मा कपाळावर चढायचा आणि तळहात लोखंडावर टेकायचा, ताप आलेल्या पोराच्या अंगाला लावावा तसा. विचारणारा घड्याळ बघत राही. चाचा सावकाश हात उचलायचे आणि त्याच लोखंडावर खडूनं वार लिहायचे. माल टेम्पोत चढला, की तो वार तळहातानं पुसायचे. तुमच्याही कामावर असा एखादा असेल, तारीख मागितली की आपल्या तोंडाकडं नाही, कामाकडं बघणारा.

भोसरीत आमचं छोटं वर्कशॉप, चाचा तिथले सगळ्यात जुने कारागीर. चाकणच्या कंपन्यांना आम्ही फिक्स्चर द्यायचो, म्हणजे वेल्डिंग करताना पार्ट हलू नये म्हणून धरून ठेवणारा लोखंडी साचा. मी हिंगोलीकडचा, आठवीतून शाळा सोडलेला. शेठनी नुकतंच मला कामं बघायला सांगितलं होतं, आणि इंजिनिअर समोर आला की माझ्या तोंडून ‘हो साहेब’च निघायचं. नाही म्हटलं तर गावाकडच्या गाडीत बसवून देतील, अशी भीती पक्की बसलेली.

एका सोमवारी शेठ बाहेरगावी होते. चाकणहून इंजिनिअर आले. शुक्रवारी लाइन सुरू करायची होती, चार फिक्स्चर हवे होते. मी म्हटलं, “शुक्रवारी सकाळी चारही देतो.” ते खूश होऊन गेले.

चाचा शेजारीच कानस मारत होते. एवढंच म्हणाले, “हात कुठं लावलास, बेटा?”

मंगळवारी दुपारी डबा उघडला आणि लक्षात आलं. फिक्स्चरचे पार्ट कडक करायला भट्टीवाल्याकडं पाठवावे लागतात, आणि एमआयडीसीची सुट्टी गुरुवारी. घाई असली की आम्ही गुरुवारीही ओव्हरटाइम करायचो, म्हणून मी तो दिवस मोजून टाकला होता. भट्टी मात्र बंद राहणार. डबा तसाच झाकला. शुक्रवारी फोनच बंद ठेवायचा, असंही मनात ठरवून झालं.

चाचांना सांगितलं तर हसले. “फोन बंद केलास तर ते गाडी काढून इथं येतील. वर चहा पाजावा लागेल.”

मग उठले, चष्मा कपाळावर, एकेका ढिगावर हात ठेवत फिरले. दोन फिक्स्चरचे पार्ट त्याच संध्याकाळी भट्टीला जाण्यासारखे होते.

“दोन शुक्रवारी, संध्याकाळी. दोन सोमवारी. आत्ता सांग, अजून त्यांच्या हातात तीन दिवस आहेत. आणि गोड बोलू नको.”

मी फोन लावला. साहेब बरंच बोलले. शेठशी बोलतो म्हणाले. चाचा कानस थांबवून बाजूला उभे होते. शेवटी साहेबांनी विचारलं, दोन तरी नक्की का? मी लोखंडावर हात ठेवला. थंडगार होतं.

“नक्की, साहेब.”

दोनवर लाइन सुरू करू म्हणाले. शुक्रवारी चार वाजता टेम्पो भरला, तेव्हा चाचा मागं सरले आणि लोखंडावरचा खडूचा ‘शुक्रवार’ दाखवत मला म्हणाले, “पूस.” शेठनी आल्यावर कान उपटले, पण कामावर ठेवलं. त्याच कामावर मी आजही आहे.

गेल्या वर्षी चाचांचं डोळ्याचं ऑपरेशन ठरलं. परत कधी येणार विचारलं, तर आपल्या टेबलाच्या कडेवर खडूनं लिहिलं, ‘सोमवार’. मी चेष्टा केली, “चाचा, हात न लावता?”

“डॉक्टर लावू देत नाही, बेटा.”

शनिवारी त्यांचा फोन आला. “सोमवारचं जमत नाही. म्हटलं, आजच सांगावं.”

“मग कधी?”

त्यांनी आधी कुठली कामं चालू आहेत ते विचारलं. मग म्हणाले, “बारीक रेघ दिसत नाही रे आता. तू माझ्या भरवशावर कुणाला तारीख देऊ नको.”

त्या टेबलावर आता मी काम करतो. तेल सांडतं, लोखंडाचा कीस पडतो, सगळं पुसतो. कडेवरचा ‘सोमवार’ तेवढा सोडून.