हिरव्या दोऱ्याचा टाका

मोहल्ल्यात कुणाला झपाटलं-बिपाटलं की त्याला आधी डॉक्टरकडे ओढत नेणारा माणूस म्हणजे मी. अचलपुरात शाळेत विज्ञान शिकवतो. तेव्हा हे वाचून कुणी हसलं तर माझी हरकत नाही, मीही हसलो असतो...

आमचे अब्बा पिंजारी. कापूस पिंजून गाद्या भरायचे. कापसाचे भाव पडले, गावोगाव माणसं खचली, नवी गादी भरून घ्यायचं कुणाला सुचेना. अब्बांचं काम बंद पडलं. हळूहळू ते विसरायला लागले आणि एक दिवस ‘काम पर जाता हूँ’ म्हणून बाहेर पडले, ते परतलेच नाहीत. पोलीस झाले, दर्गे झाले, एसटी स्टँड झाले. घरात कुणाला घास गोड लागेना.

अब्बांचा फोटो अमरावती-अकोल्याच्या पेपरांना ईमेल करावा म्हणून एका सकाळी कॉम्प्युटर लावला. मेलचं नाव टाकलं तर भलतंच पान उघडलं — कडुनिंबाखाली पसरलेल्या गाद्या, पायरीशी बायकांच्या चपला, एकीच्या पट्ट्याला सेफ्टीपिन. खाली फक्त ‘वृद्धाश्रम, मूर्तिजापूर’. दुसरी साइट टाकली, तेच पान. तिसरी टाकली... तेच!

साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देणारी एक सेटिंग असते, डीएनएस. ती बिघडली की पोस्टमनने सगळ्या गावाची पत्रं एकाच घरी टाकावीत तसं होतं. मी ती ऑटोमॅटिक केली, मग कंपनीवाल्याने फोनवर सांगितलेले नंबर भरले, जुन्या नोंदी पुसल्या, मोडेम बंद-चालू केला. परत कडुनिंब! माझं डोकंच फिरलं.

माझी बायको शबाना चहा घेऊन आली आणि कप हातात धरून तशीच उभी राहिली.

“सेटिंग छोडो जी. गद्दी देखो.”

टाके सगळे पांढरे, पण प्रत्येक गादीच्या एका कोपऱ्यात एकच टाका हिरव्या दोऱ्याचा. ही अब्बांची खूण! लग्न होऊन आल्यापासून शबाना त्यांच्या शेजारी बसून टाके घालायची, म्हणून तिला दिसलं. मी मेला सेटिंगमध्येच डोकं घालून बसलो होतो.

मिळेल त्या एसटीने निघालो. वाटेत दर्यापूरच्या स्टँडवर गर्दीत शबानाच्या चपलेचा पट्टा तुटला. तिने ओढणीची पिन काढून लावली आणि तशीच फरफटत चालली. तेव्हाही माझ्या डोक्यात काही आलं नाही.

आश्रमाच्या अंगणात कडुनिंब होता. त्याखाली अब्बा, हातात सुई. मी फाटकातच रडलो.

तिथले सांभाळणारे काका म्हणाले, “आमाले त्याइचं नाव-गाव काईच मालूम नाई, सर. त्याइले सोताले बी सांगता येत नाई. आज सकाळी फाटक्या गाद्या पाह्यल्या अन् म्हने सुई द्या. तवापासून शिवूनच राह्यले.”

“तुमच्या वेबसाइटवर फोटो पाहिला...”

“कायची वेबसाइट? इथं कंपुटर नाई, अन् फोटो कोन काढते?”

अब्बांच्या हातात तर अजून पहिलीच गादी होती. बाकीच्या फाटक्याच ढिगात पडलेल्या.

अब्बांनी माझ्याकडे मी कुणी गिऱ्हाईक असल्यासारखं पाहिलं. शबानाला मात्र म्हणाले, “आ गई? धागा डाल. बहुत काम पड़ा है.” तिने चपला काढल्या, डोळे पुसले आणि खाली बसली. काम पुरं झाल्याशिवाय अब्बा उठायला तयार नव्हते.

उन्हं कलताना शिवलेल्या गाद्या झाडाखाली पसरल्या. मी फाटकापाशी उभा होतो, आणि माझ्यासमोर तोच फोटो होता. तेच हिरवे टाके. पायरीशी शबानाच्या चपला, पट्ट्याला सेफ्टीपिन.

अब्बांना घेऊन घरी आलो. कॉम्प्युटर लावला तर मेल मुकाट उघडली, आणि ते पान पुन्हा कधी दिसलं नाही. नाव दिलं की डीएनएस पत्ता शोधतं, हे मी आजही मुलांना शिकवतो. पण त्या दिवशी अब्बांना स्वतःचं नावही आठवत नव्हतं. मग त्यांचा पत्ता शोधला कुणी, याचं उत्तर माझ्या विज्ञानाकडे नाही.